खोकला कोणाचा

गेल्या भाद्रपदात, गणपती उठले त्याच्या पुढच्या आठवड्यात, शिंदखेडा तालुक्यातल्या एका गावावर सकाळी उडत असलेला ड्रोन खोकला. ड्रोन पोलिसांच्या कामावर होता. ज्या घराला वेढा घालायचा होता त्या घरातला माणूस खोकला ऐकून मागच्या भिंतीवरून उतरला, कपाशीत शिरला आणि दिसेनासा झाला. विहिरींवरच्या मोटारींची तांब्याची केबल चोरल्याचा त्याच्यावर संशय होता. पंचनाम्यात 'ड्रोन खोकला' असे शब्द आहेत.

खोकला फौजेतून निवृत्त झालेल्या एका हवालदाराचा होता. ते त्या वेळी दोन गावं पलीकडे, स्वतःच्या ओट्यावर चहा पीत होते. त्यांना सगळे आबा म्हणत.

आबांची आणि माझी ओळख फोनवर झाली. मी तेव्हा एका दैनिकाच्या धुळे कार्यालयात होतो. सीमेवर तणावाचे दिवस होते आणि पहिल्या पानावर रोज ड्रोनच्या बातम्या येत होत्या. सकाळी एका वाचकाचा फोन आला. आवाज शांत होता, भाषा पुस्तकी मराठी आणि फौजी हिंदी यांच्या मधली.

"भाऊ, 'ड्रोनचा हल्ला' असं छापलंय. हल्ला कोणी केला?"

मी म्हटलं, ड्रोनने.

"आमच्या घरात पण ड्रोन आहे. पलंगाखाली आहे. त्याने काल काही केलेलं नाही."

त्यानंतर त्यांचे फोन नेमाने येऊ लागले. हल्ला ड्रोनने केला असं लिहू नका, ज्याने केला त्याचं नाव लिहा, नाव माहीत नसेल तर 'कोणीतरी' लिहा, असं त्यांचं म्हणणं असे. शेतीच्या पुरवणीतही त्यांना तोच दोष सापडला. 'ड्रोनने फवारणी केली' हे वाक्य त्यांना मान्य नव्हतं. फवारणी त्यांच्या सुनेने केली होती, शेजारी तिचा फोटोही होता. संपादकांनी हे फोन माझ्याकडे वळवायला सांगितलं.

घरातला ड्रोन सुनेचा होता. बचत गटातून तो तिला मिळाला होता, जळगावला जाऊन तिने चालवण्याचं शिक्षण घेतलं होतं आणि परवाना तिच्या नावावर होता. नवरा सुरतेला साडीच्या कारखान्यात होता. गावात आणि आसपासच्या शिवारात कपाशीवर औषध मारायला लोक तिला बोलावत. आबांना मशीन चालवता येत नसे. तरी प्रत्येक फवारणीला ते 'मोहीम' म्हणत आणि मोहीम आपल्या हुकमाशिवाय निघत नाही अशी त्यांची समजूत होती. सुनेला ते घरात 'माय' म्हणत आणि शेताच्या बांधावर 'पायलटसाब'.

मोहिमेचे त्यांचे नियम होते. शेतकऱ्याचा फोन आला की ते आधी शत्रूचं नाव विचारत. मावा, तुडतुडे, बोंडअळी, काही तरी एक सांगावं लागे. 'पानं वाकडी व्हई राहिनी, काही तरी पडेल शे' असं कोणी म्हटलं तर मोहीम नामंजूर. ओळख पटल्याशिवाय मारा करायचा नाही, हे ते लहान मुलाला समजावावं तसं समजावत. मग स्वतः सायकलवर शेतात जात आणि पानं उलटी करून बघत. एकदा एका शेतात मावा होता, पण त्याच पानांवर मावा खाणारे लाल, ठिपक्यांचे ढालकिडेही होते. आबा बांधावर परत आले आणि मोहीम रद्द केल्याचं त्यांनी जाहीर केलं.

"का हो आबा?"

"आपले लोक आत आहेत."

शेतकऱ्याने डोक्याला हात लावला. तालुक्याच्या बाजारात ज्यांचं औषधाचं दुकान आहे त्या शेठांनी हा प्रसंग मला सांगितला. शेठांचे आजोबा राजस्थानातून आले होते आणि शेठ आबांपेक्षा चांगली अहिराणी बोलत. ते आबांना म्हणाले होते, "आबा, तुम्ही लढाई थांबाडतस आनि मना बठ्ठा दारूगोळा दुकानमा पडेल ऱ्हास." सगळा माल पडून राहतो ही तक्रार होती; आबांना ते कौतुक वाटलं.

मी त्यांच्या घरी पहिल्यांदा गेलो तेव्हा ते ओट्यावर दुर्बीण पुसत बसले होते. दुर्बिणीच्या एका काचेवर डांबरी चिकटपट्टी लावली होती. मी कारण विचारलं. ते म्हणाले, दोन डोळ्यांनी पाहिलं की अंतर कळतं आणि अंतर कळलं की तोफ लागते. शेतासाठी एक डोळा पुरे.

फौजेत ते तोफखान्यात निरीक्षक होते. उंचावर लपून बसायचं, समोर बघायचं आणि गोळा कुठे पडला ते मागे कळवायचं, असं ते काम. सांगण्यासारखं काही असेल म्हणून मी विचारत राहिलो. एकदाच त्यांनी सांगितलं. समोरच्या बाजूला एक वस्ती होती आणि ती त्यांनी एक पूर्ण हिवाळा पाहिली. कोणाची चूल आधी पेटते, कोणता म्हातारा कोणत्या पायाने लंगडतो, कोणती मुलगी भावाला मारून पळते, हे त्यांना माहीत झालं होतं.

"मी त्यांच्या घरात राहिलो म्हणा ना," आबा म्हणाले. "आणि एकदाही खोकलो नाही."

पुढे काय झालं, असं मी विचारलं. त्यांनी आत बघून चहा टाकायला सांगितलं.

खोकल्याचा अर्थ तिथल्या लोकांना सांगावा लागत नाही. वडीलधारा माणूस घरात शिरताना दारातच खोकतो. सुना पदर सावरतात, कोणी बाजेवर पडली असेल तर उठते, मग तो आत येतो. मशीन घेतलं त्या पहिल्या उन्हाळ्यात सून एकदा गावाबाहेरच्या शेताकडे ते घरांवरून घेऊन गेली. धाब्यांवर, म्हणजे घरांच्या सपाट मातीच्या छतांवर, बायका बिबड्या वाळत घालत होत्या. ज्वारीच्या त्या ओल्या पापडांचा एक गोळा त्यातल्या एकीने मशीनला फेकून मारला आणि तो लागला. संध्याकाळी बायका आबांच्या ओट्यावर आल्या. आबांनी तक्रार पूर्ण ऐकून घेतली आणि चूक मान्य केली.

"कोना घरमा जानं व्हई तं पहिले खोकलनं पडस," ते म्हणाले. "हाई मशीन खोकलनं नही."

दुसऱ्या दिवशी ते सुनेला घेऊन जळगावला गेले. मशीनची दुरुस्ती करणाऱ्या एका दुकानात त्यांनी मशीनला छोटा कर्णा लावून घेतला आणि स्वतःचा खोकला भरून दिला. त्याला बराच वेळ लागला. पहिला खोकला ऐकून दुकानदार म्हणाला, हा आजारी वाटतो. आबांनी त्याला सांगितलं की खोकला तीन प्रकारचा असतो, छातीतला, तंबाखूचा आणि दारातला; आपल्याला दारातला हवा. पण दारातला खोकला दार नसताना येईना. शेवटी ते दुकानाबाहेर गेले आणि आत येताना खोकले. तो खोकला भरला गेला. मशीन घरांवर आलं आणि खाली उतरू लागलं की खोकला आपोआप वाजावा, असं त्यांनी दुकानदाराला बजावलं. परत येताना एसटीत ते अतिशय समाधानी होते.

पंचक्रोशीला खोकल्याची सवय झाली. बायका वर न बघता म्हणत, आबा येई ऱ्हायनात. पोरं आबांना रस्त्यात पाहून खोकत आणि आबा त्यांना उलट खोकून उत्तर देत. त्यांना त्यात थट्टा दिसत नसे.

अडचण पहिल्यांदा आदल्या वर्षीच्या विसर्जनाला आली. पोलिसांकडे तेव्हा स्वतःचं मशीन नव्हतं, म्हणून बंदोबस्तासाठी त्यांनी परवानाधारकांची यादी केली होती. सुनेचं नाव यादीत होतं. मिरवणूक अरुंद गल्लीत शिरली, दोन्ही बाजूंच्या गच्च्यांवर बायका उभ्या होत्या, मशीन खाली आलं आणि खोकलं. ढोल थांबले. मग मिरवणुकीतून कोणी तरी खोकलं, मग दुसरं, आणि थोड्याच वेळात सगळी गल्ली एकमेकांकडे बघत खोकत होती. दंगल झाली नाही. पण ठाण्याच्या मोठ्या साहेबांना तो प्रकार शिस्तीला धरून वाटला नाही आणि त्यांनी आबांना बोलावून घेतलं. साहेब तरुण होते, बाहेरच्या जिल्ह्यातले, आणि आवाज न चढवता बोलणारे. पोलिसांच्या कामावर असताना मशीनने खोकू नये, असं त्यांनी सांगितलं.

आबांनी विचारलं, "हाई मशीन गावमा शे का फौजमा शे, ते पहिले सांगा, साब."

साहेबांना अहिराणी कळली नाही म्हणून शिपायाने मराठी केलं. आबांनी पुढचं मराठीतच सांगितलं. फौजेत खोकणारा मरतो. गावात न खोकता शिरणारा मार खातो. दोन्हीकडचे रिवाज बरोबर आहेत, पण एका मशीनला एका वेळी एकच रिवाज लागतो.

"पोलिसांत आहे, आबा," साहेब म्हणाले.

"पोलीस गावात की फौजेत?"

साहेबांनी बैठक संपल्याचं सांगितलं.

आबांच्या या बोलण्यात लबाडी नव्हती. पुढे सीमेवरच्या तणावात खाजगी ड्रोन उडवायला बंदी आली तेव्हा ते कोणी मागायच्या आत मशीन घेऊन ठाण्यात हजर झाले होते. त्यांनी फौजेचा जुना कोट घातला होता. कर्णा आधीच घरी काढून ठेवला होता. "आता हे मशीन फौजेत आहे," असं सांगून त्यांनी मशीनला सलाम केला आणि पावती न घेता निघून गेले. बंदी उठल्यावर त्यांनी मशीन घरी आणलं, कर्णा परत लावायला सुनेला सांगितलं आणि मशीनपुढे नारळ फोडला. ठाण्यात काही दिवस हे मशीन कुठे ठेवायचं हे कोणाला कळलं नव्हतं. ते कोठडीत ठेवण्यात आलं होतं.

केबलचोराच्या घरावर जायचं ठरलं तेव्हा पोलिसांनी पुन्हा सुनेला बोलावलं. खोकला बंद करा, असं या वेळी आधीच सांगण्यात आलं. आबांनी उलट निरोप पाठवला: तो आपोआप होतो, बंद करता येत नाही. मग एका शिपायाने स्वतःचा रुमाल कर्ण्याभोवती घट्ट गुंडाळला. त्याचा उलटा परिणाम झाला. उघड्या कर्ण्यातून खोकला यंत्रातून आल्यासारखा वाटे. रुमालातून तो भिंतीआड पांघरूण घेऊन बसलेल्या खऱ्या माणसासारखा आला. पळालेल्या माणसाच्या शेजाऱ्याने पंचांना सांगितलं की त्यालाही कुंपणामागे आबाच उभे आहेत असं वाटलं आणि त्याने सवयीने रामराम घातला.

मशीन पोलिसांनी ठेवून घेतलं. जप्तीचा कागद केला नाही, नुसतं ठेवून घेतलं. कपाशीवर फवारणीचे ते ऐन दिवस होते. शहाद्याकडून दुसरं मशीन यायला लागलं आणि सुनेकडे येणारे फोन तिकडे जाऊ लागले. सुरतेहून नवऱ्याचं म्हणणं आलं की हा हंगाम गेला तर मशीन गटाला परत करावं आणि तिने सुरतेला यावं, साड्यांना खडे चिकटवायचं काम मिळेल. तिला जायचं नव्हतं. हे तिने मला आबांसमोर सांगितलं आणि आबांनी दुसरीकडे पाहिलं.

ज्यांची केबल गेली होती ते शेतकरीही ओट्यावर येऊन गेले. त्यातला एक म्हणाला, "आबा, तुमना खोकला आम्हले महाग पडना." दुसरा जास्त बोलला. चोराला दारात उभं राहून सावध करणारा हवालदार त्याने फौजेत असताना तोफांचं काय केलं असेल, असं तो म्हणाला. 

"चोरबी घरमाच व्हता ना," आबा म्हणाले. "घर त्याना एकटानं नव्हतं."

त्यावर शेतकरी उठून गेले. मशीन पोलिसांचं झालं म्हणून काही लोक सुनेला फोन करत नव्हते, आणि त्याने चोराला सावध केलं म्हणून काही. सून दोन्हीकडून गेली, असं शेठ म्हणाले.

साहेबांनी मार्ग सुचवला. 'तांत्रिक बिघाडामुळे आवाज झाला' असं लिहून द्या आणि मशीन घेऊन जा. सून सही करायला तयार होती. आबा नव्हते. त्या दिवशी मी ठाण्यात हजर होतो.

आबा खुर्चीवर ताठ बसले होते. "बिघाड नव्हता, साब. आणि हे 'ड्रोन खोकला' पण चूक आहे. मशीन खोकत नाही, माणूस खोकतो. लिहा, मी खोकलो."

"तुम्ही त्या वेळी कुठे होतात?"

"घरी. चहा पीत होतो."

"घरी बसून तुम्ही तिथे कसे खोकलात?"

"तोफ पण लांबूनच लागते, साब."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. सरकारी कामात अडथळा आणल्याचा गुन्हा खोकल्यावर बसतो का, हे त्यांनी ठाण्यातल्या हवालदाराला विचारलं. हवालदार म्हणाला, खोकला हेतुपुरस्सर होता हे दाखवावं लागेल. आबा म्हणाले, हेतुपुरस्सरच होता. तेव्हा सून पहिल्यांदा बोलली.

"खोकला यांचा आहे, साहेब. बटण मी दाबलं."

"कुठलं बटण?" साहेबांनी विचारलं.

"कुठलं बटण?" आबांनीही विचारलं.

तिने सांगितलं. घरं ओळखून आपोआप खोकणारं काही बनवता येत नाही, असं जळगावच्या दुकानदाराने त्याच दिवशी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं. त्याने रिमोटवर एक बटण दिलं होतं. आबांना वाईट वाटेल म्हणून ती बोलली नव्हती. तेव्हापासून मशीन जेव्हा जेव्हा खोकलं, तेव्हा तिने खाली पाहून ठरवलं होतं.

"मग त्या दिवशी का दाबलं?" साहेबांचा आवाज तेव्हाही चढला नव्हता. "चोर सावध होईल हे कळत नव्हतं का, ताई?"

"कळत होतं. न्हाणीला छप्पर नव्हतं. त्याची बायको अंग धूत होती." ती थांबली. "माझ्या पाठीमागे उभे राहून तुमचे दोन शिपाई पडदा बघत होते. मी मशीन बाजूला घ्यायला लागले तर म्हणाले, थांब, राहू दे."

खोलीत ते दोघेही होते. एक खिडकीबाहेर पाहू लागला. साहेबांनी दोघांना बाहेर जायला सांगितलं. मग ते सुनेला म्हणाले की बटणाचं लिहिता येईल, बाकीचं लिहिण्याची गरज नाही.

"लिहायचं तर सगळं लिहा," ती म्हणाली. "नाही तर सही नाही."

 साहेबांनी कागद उलटा ठेवला आणि मशीन घेऊन जायला सांगितलं. तिचा जबाब नोंदवला गेलेला नाही. पोलिसांच्या यादीतून तिचं नाव कमी झालं. पंचनाम्यात 'ड्रोन खोकला' हेच शब्द राहिले आणि आमच्या बातमीतही तेच छापून आलं. आबांनी दुरुस्तीसाठी फोन केला. 'ड्रोन'च्या जागी 'माझी सून' असे शब्द घाला, असं त्यांनी सांगितलं. उपसंपादकांनी ती दुरुस्ती घेतली नाही. त्याने बातमी कळेनाशी होईल, असं त्यांचं मत पडलं.

घरी आल्यावर आबांनी तिला बटण दाखवायला सांगितलं. ते लाल होतं आणि झिजलेलं होतं. आबांनी ते दाबलं नाही.

"म्हंजे आजपावेतो बठ्ठं तूच खोकलनी?"

"हो, आबा."

ते मशीनभोवती एक फेरी फिरले. मग म्हणाले की असं असेल तर जळगावला जाऊन तिचाच खोकला भरून घेतला पाहिजे.

"बाई खोकलनी तं कोनी सावध व्हत नही, आबा," ती म्हणाली आणि मशीन उचलून आत घेऊन गेली.

आबा ओट्यावर बसून राहिले. त्या दिवशी त्यांनी मला चहा विचारला नाही.

मशीन परत आलं तरी बोलावणं येत नव्हतं. सुरतेला कधी निघायचं, हे विचारणारे नवऱ्याचे फोन रोज येत होते. पहिलं बोलावणं दसऱ्याच्या आधी आलं आणि ते त्याच गावातून आलं. फोन पळून गेलेल्या माणसाच्या बायकोने केला होता. कपाशी फवारायची होती आणि घरात पुरुष नव्हता. सून एकटी गेली. ती फवारत असताना शेजारच्या शेताचा मालक बांधावर येऊन उभा राहिला. त्याची केबल गेली होती. इथलं झालं की आपल्याही शेतात ये, असं त्याने तिला सांगितलं. ती दोन्ही शेतं करून संध्याकाळी घरी आली.

ती सुरतेला गेली नाही. केबलचा गुन्हा तपासावर आहे. तो माणूस हे लिहीपर्यंत सापडलेला नाही.